पहिला प्रयत्न जरा चुरगळून

लेकीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळवून देणं हे फोटोवाल्यांच्या मते पासपोर्ट फोटो काढण्यापेक्षा सोपं काम होतं. "प्रवेश म्हणजे शेवटी काय हो? समोरच्याला आपण काय दाखवतो, एवढाच प्रश्न. आणि दाखवणं हा तर माझा धंदा आहे!" असं ते स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला, आधी हनुवटी वर करायला लावून, मग ऐकवत. हनुवटी वर असलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. त्यामुळे त्यांचं हे मत आजवर कुणी खोडून काढलेलं नव्हतं.

धंद्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे कबूल करायला हवं. ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटले असले की ते दुसऱ्या फोटोतलं त्याचं उघड्या डोळ्यांचं डोकं आणून बेमालूम बसवत. एका बँकेच्या मॅनेजरचे त्यांनी डोळे एका फोटोतले घेतले, हसू दुसऱ्यातलं घेतलं आणि केस, मॅनेजरला पुरेसे नव्हते म्हणून, कॅशियरचे घेतले. मॅनेजर इतका खुश झाला की मोठी प्रत करून दिवाणखान्यात लावली. बायकोनं फक्त विचारलं, की बाकी सगळं ठीक आहे, पण हे कोण?

पण फोटोवाल्यांची खरी कीर्ती होती ती जुने फोटो नवे करून देण्यात. स्टुडिओच्या शोकेसमध्ये त्यांनी जोड्याच लावलेल्या होत्या. डावीकडे फाटका, डागाळलेला फोटो आणि खाली 'आधी' अशी चिठ्ठी. उजवीकडे लखलखीत फोटो आणि 'नंतर' अशी चिठ्ठी. आता यातली धंद्याची गोम अशी, की लोक आणतात तो फोटो पुष्कळदा बऱ्यापैकी धड असतो. मग 'आधी' म्हणून लावायच्या प्रतीवर फोटोवाले स्वतःच हात फिरवत. थोडी चुरगळत, चहाचे दोन थेंब सांडत, एखादा कोपरा फाडत. 'नंतर'ला उठाव येतो. यात त्यांना काही वावगं वाटत नसे. काळ हे काम हळूहळू करतोच, आपण त्याला हातभार लावतो, एवढंच.

तर अशा माणसासमोर त्यांच्या लेकीनं एके दिवशी जेवताना प्रवेश परीक्षेचे नियम वाचून दाखवले. ती चूक होती. पण तेव्हा ते कुणालाच कळलं नाही.

लेकीला पूल बांधायला शिकायचं होतं. कालव्यावरच्या लोखंडी पादचारी पुलावरून जाताना इतर पोरी भरभर चालतात. ही मध्येच थांबून हळूच उडी मारून बघे आणि पूल किती हलला त्याचा अंदाज घेई. तिला हवा तो अभ्यासक्रम एकाच कॉलेजात होता आणि ते कॉलेज रात्रभराच्या प्रवासावर होतं. नियम असे होते: परीक्षा वर्षातून अनेकदा होते. हवी तितक्यांदा द्या. प्रत्येक विषयातले तुमचे सगळ्यांत चांगले मार्क धरले जातील. मग गणिताचे एका खेपेचे असोत आणि भाषेचे दुसऱ्या.

"म्हणजे डोळे एका फोटोतले, हसू दुसऱ्यातलं," फोटोवाले म्हणाले. त्यांना हे शिक्षण खातं एकदम घरचं वाटायला लागलं.

"मात्र हे कॉलेज म्हणतं की सगळ्या प्रयत्नांचे मार्क कळवा. लपवायचे नाहीत," लेकीनं पुढचं वाचलं.

फोटोवाल्यांचा घास हातातच राहिला. "सगळे? म्हणजे पहिला आणि दुसरा शेजारी शेजारी ठेवून बघतात?"

"बघत असतील."

"अगं, मग हे आधी आणि नंतरच झालं की!"

आणि तिथल्या तिथे त्यांनी योजना मांडली. पहिल्या खेपेला मुलीनं मार्क मुद्दाम वाईट मिळवायचे. दुसऱ्या खेपेला उत्तम. कॉलेजवाले दोन्ही शेजारी ठेवणार, आणि पोरीनं केवढी झेप घेतली म्हणून तोंडात बोट घालणार. नुसती हुशार मुलं काय, ढिगानं येतात. नुसता चांगला फोटो शोकेसमध्ये लावला तर रस्त्यानं जाणारा माणूस थांबतो का? थांबतो तो जोडीसमोर.

फोटोवाल्यांची बायको पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये कामाला होती. रोज लोकांच्या बोटात सुया टोचून तिचं बोलणंही तसंच झालं होतं. ती म्हणाली, "आमच्याकडे रिपोर्ट चांगला यावा म्हणून माणसं आदल्या दिवशी पथ्य पाळतात. मुद्दाम वाईट यावा म्हणून बरणीभर साखर खाऊन आलेला अजून कुणी बघितला नाही मी."

"तुमच्या लॅबला शोकेस नाही," फोटोवाले म्हणाले, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

लेकीनं आधी साफ नाही म्हटलं. पण फोटोवाल्यांच्या हातात एक हुकमाचं पान होतं. मुलीनं इतक्या लांब जाऊ नये, इथलंच कुठलं तरी कॉलेज घ्यावं, असा त्यांचा हट्ट कधीपासूनचा होता. आता ते म्हणाले, पहिली परीक्षा माझ्या पद्धतीनं दे, मी लांबच्या कॉलेजला हरकत घेणार नाही. लेकीनं हिशेब केला. धरतात ते सगळ्यांत चांगलेच मार्क. पहिल्या खेपेला शून्य पडलं तरी बिघडत नाही. बापाची हौसही होते आणि वाटही मोकळी होते. हिशेब अगदी चोख होता. पण पुलाचं असं असतं, दोन्ही टोकांचा हिशेब चोख असला तरी मध्येच कुठेतरी तो खचतो.

परीक्षेच्या सकाळी फोटोवाल्यांनी तिला दारातच कानमंत्र दिला, की कसं, जरा विस्कटलेलं दिसलं पाहिजे. लेक नुसती मान हलवून गेली. पण तिचा एक दुर्गुण होता: हाती घेतलेलं काम ती अर्धवट करत नसे. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं होती. तिनं प्रत्येक प्रश्न नीट वाचला, कच्च्या कागदावर सोडवला, बरोबर उत्तर कुठलं ते काढलं, आणि उरलेल्या तीनपैकी एकावर खूण केली. वेळ उरला तेव्हा पहिल्यापासून पुन्हा तपासून घेतलं, कुठे चुकून बरोबर तर झालं नाही ना!

निकाल लागला. अख्ख्या परीक्षेत तिची फक्त तीन उत्तरं बरोबर आली होती.

फोटोवाल्यांनी निकाल दोनदा वाचला. "जरा जास्तच चुरगळलंस," ते म्हणाले. मग त्यांना दुसरी बाजू दिसली. नंतरचा फोटो आता काय उठून दिसेल! आणि आधीचा फोटो लोकांनी बघितलाच नाही तर नंतरच्याला अर्थ काय, म्हणून त्यांनी तो निकाल, मुलीच्या नावासकट आणि हसऱ्या चेहऱ्यासकट, गल्लीच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं: 'ही तर सुरुवात आहे.'

गल्लीनं ते वाक्य धमकीसारखं वाचलं. संध्याकाळपासून माणसं भेटायला यायला लागली. चपला बाहेर काढून, हळू आवाजात बोलत, कुणी गेल्यावर येतात तशी. मार्क म्हणजे सर्वस्व नव्हे, असं प्रत्येकानं सांगितलं, आणि आपल्या मुलाला किती पडले तेही सांगितलं. कोपऱ्यावरचे क्लासवाले सर येऊन म्हणाले की अशा केसेस आपण घेत नाही, पण शेजारधर्म म्हणून फीमध्ये सूट देऊ. बायको प्रत्येकाला चहा देत होती आणि चहा देताना नवऱ्याकडे अशी बघत होती की त्यांना आपली बोटं टोचल्यासारखी वाटत होती.

सगळ्यांत पुढे गेला तो शेजारचा चष्मेवाला. त्याचं दुकान स्टुडिओला लागूनच, मधे फक्त एक भिंत आणि बऱ्याच वर्षांची चढाओढ. पोरीला प्रश्नपत्रिका दिसतच नसणार, असं निदान त्यानं ग्रुपवर जाहीर केलं, तिला आग्रहानं दुकानात नेली आणि अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवली. लेकीनं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग त्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. चष्मेवाल्याला ते नाव आजवर माहीत नव्हतं.

दुसरी परीक्षा झाली. या खेपेला लेकीनं बरोबर उत्तरांवर खुणा केल्या, आणि जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क पडले. फोटोवाल्यांनी दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवले, खाली 'आधी' आणि 'नंतर' अशा चिठ्ठ्या जोडल्या, आणि ग्रुपवर टाकून टाळ्यांची वाट बघत बसले.

ग्रुपवर शांतता पसरली. एरवी तिथे सकाळी सहापासून फुलं उमलत असत. बऱ्याच वेळानं चष्मेवाल्यानं लिहिलं: 'अभिनंदन. सेंटर कुठलं मिळालं होतं? आमच्या पुतण्यालाही तिथेच घालावं म्हणतो.'

फोटोवाल्यांना त्यातली खोच कळायला दुपार झाली. आणि कळली तोवर परीक्षा मंडळालाही तीच, कॉपीची, शंका आलेली होती. एकाच मुलीला एकदा जवळजवळ काहीच नाही आणि लगेच जवळजवळ सगळं, हे मंडळाच्या कॉम्प्युटरला पटलं नाही. निकालावर लाल अक्षरात शेरा आला: 'गुण रोखून ठेवले आहेत. चौकशी सुरू.' चौकशीत ती दोषी ठरली तर पुन्हा परीक्षेला बसायलाच कायमची बंदी होती. आणि कॉलेजचा प्रवेश महिनाअखेर बंद होणार होता.

लेक त्या दिवशी जेवली नाही. ओरडली असती, भांडली असती तर फोटोवाल्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती पुलांची पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर ठेवायला लागली. बायकोनं फक्त एवढंच विचारलं, की आता 'नंतर'च्या नंतर काय?

फोटोवाल्यांनी निस्तरायचं ठरवलं. दलदलीत पडलेला माणूस हातपाय हलवतो तेव्हा तो बाहेर येतोय असं त्याला वाटत असतं. त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं, की कृपया गैरसमज नसावा, पहिला निकाल आम्ही हेतुपुरस्सर खराब केला होता. सोबत खुलाशादाखल शोकेसमधल्या दोन जोड्याही जोडल्या. मंडळाचं उत्तर तातडीनं आलं. पत्रातले 'आम्ही' म्हणजे कोण कोण, टोळीत एकूण माणसं किती, आणि सोबतच्या फोटोतली फेटेवाली व्यक्ती यात कशी गुंतलेली आहे? ती व्यक्ती वारून चाळीस वर्षं झाली होती. पण मंडळानं आता कागद कॉलेजकडे पाठवून दिले होते. मुलीनं कॉलेजात समक्ष यावं, मंडळाचे अधिकारी तिथे हजर राहतील.

बापानं घरीच थांबावं असं मायलेकींचं मत पडलं. म्हणून ते बरोबर गेले.

कॉलेजातली ती खोली लांबट होती. एका भिंतीला पुलांची लाकडी मॉडेलं मांडलेली. त्यातलं एक मधोमध मोडलेलं होतं आणि ते तसंच, मुद्दाम, ठेवलेलं होतं. टेबलामागे मंडळाचे अधिकारी बसले होते. त्यांचा चेहरा पासपोर्ट फोटोत असतो तसा होता. शेजारी गणिताच्या प्राध्यापिका बाई, चष्मा कपाळावर चढवलेल्या. पालकांनी बाहेर बसायचं होतं. फोटोवाले बाहेर बसले, पण दार आणि चौकट यांच्यामध्ये जेवढी फट होती तेवढे आत होते.

अधिकाऱ्यांनी विचारलं, पहिल्या खेपेला इतके कमी का?

"लक्ष नव्हतं," लेक म्हणाली.

"सगळ्या पेपरभर?"

"हो."

"आणि दुसऱ्या खेपेला एकदम लक्ष आलं. कुणाच्या पेपरात?"

लेक गप्प राहिली. मान खाली, ओठ घट्ट. फटीतून बघणाऱ्या फोटोवाल्यांना आपली लेक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट दिसली असावी. सगळं आपल्या अंगावर आलं तरी पोरगी बापाचं नाव घेणार नव्हती. नाव घ्यावं तर बापाची शोभा होते, न घ्यावं तर कॉलेज जातं, आणि तिनं काय पसंत केलंय ते स्पष्ट दिसत होतं.

दार उघडून फोटोवाले आत शिरले. "साहेब, तिचा दोष नाही. हे सगळं माझं आहे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. शोकेस, जोड्या, चिठ्ठ्या, दिलेला शब्द. खात्री पटावी म्हणून खिशातून एक 'आधी'चा फोटोही काढून दाखवला.

अधिकाऱ्यांनी तो उजेडात धरला. "हे डाग जुने आहेत?"

"चहाचे आहेत. माझेच."

"म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकांनाही फसवता."

"नाही हो, फोटो म्हटला की..." फोटोवाले म्हणाले. ज्या माणसानं गावभर लोकांच्या हनुवट्या वर केल्या, त्याची हनुवटी शर्टाच्या पहिल्या बटणाला टेकली होती.

अधिकाऱ्यांनी फाईल मिटली. कॉपी ती कॉपी, आणि वर बाप खोटी गोष्ट रचून आलाय, असा त्यांचा निष्कर्ष तोंडावर लिहिलेला होता. तेवढ्यात प्राध्यापिका बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि फाईल आपल्याकडे ओढली.

"एक मिनिट. हिनं पहिल्या पेपरात एकही प्रश्न सोडलेला नाही. प्रत्येकाला चार पर्याय. साहेब, डोळे बांधून खुणा केल्या तरी पाव उत्तरं बरोबर येतात. माझ्या मांजरीला बसवलं तरी येतील. हिची आलीत तीन."

"तेच म्हणतोय मी. इतकी मठ्ठ मुलगी..."

"मठ्ठ मुलीला हे जमत नाही. इतकं चुकायचं तर बरोबर काय ते आधी कळावं लागतं. हा पेपर न येणाऱ्याचा नाहीच. सगळं येणाऱ्याचा आहे." त्या लेकीकडे वळल्या. "मग ही तीन कशी राहिली गं?"

लेकीचे कान लाल झाले. पहिल्यांदाच तिला खरोखरीची लाज वाटत होती. "ती तीन मला खरंच येत नव्हती, बाई. चुकीची समजून खूण केली. बरोबर निघाली."

बाई इतक्या हसल्या की चष्मा परत कपाळावर गेला. त्यांनी तिला फळ्याजवळ उभी करून पेपरातले पाच-सहा अवघड प्रश्न सोडवायला लावले, एकदा बरोबर आणि एकदा मुद्दाम चूक. लेकीनं दोन्ही सारख्याच वेगानं केलं. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी रोखलेले मार्क मोकळे केल्याची सही केली. मात्र बाहेर पडताना फोटोवाल्यांना सांगून गेले, की हा प्रकार कुणाला शिकवू नका.

प्रवेश पक्का झाला. आता वसतिगृहाचा प्रश्न राहिला होता. खोल्या मोजक्या. त्या प्रथम घरी अडचण असलेल्या मुलींना देतात. बाकीच्यांनी बाहेर सोय बघायची. फोटोवाल्यांच्या मनात होतं की खोली न मिळालेलीच बरी. मग कुठल्या तरी नातेवाइकाकडे ठेवता येईल, आपल्यालाही दर आठवड्याला येऊन अभ्यासाकडे लक्ष देता येईल. त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

बाईंनी ते लक्षपूर्वक ऐकलं. मग लेकीला विचारलं, "घरची काही अडचण?"

 लेकीची नजर फक्त क्षणभर उजवीकडे गेली. उजवीकडे फोटोवाले उभे होते, आणि खिडकीजवळच्या उजेडात मोडक्या पुलाचा फोटो कुठल्या कोनातून चांगला येईल ते बघत होते.

"समजलं," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी वसतिगृहाच्या रेक्टरना तिथूनच फोन लावला. गंभीर अडचण आहे, पहिल्या दिवसापासून खोली द्या. आणि लहान सुट्ट्यांना मुलीला घरी पाठवायची घाई करू नका.

परतीच्या बसमध्ये फोटोवाले भलतेच खुशीत होते. त्यांनी ग्रुपवर कळवून टाकलं होतं, की मुलीला प्रवेश तर मिळालाच, शिवाय विशेष बाब म्हणून वसतिगृहात खोलीही. चष्मेवाल्यानं लगेच विचारलं, कसली विशेष बाब? तेव्हा कुठे फोटोवाल्यांच्या लक्षात आलं, की हे आपल्यालाही माहीत नाही. ते बराच वेळ विचार करत राहिले. घरात तर सगळं आहे. मिळवते आईबाप आहेत, अभ्यासाला टेबल आहे, दिवा आहे, पंखा आहे.

"अगं," शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "आपल्याकडे नळाला पाणी कमी दाबानं येतं, ते सांगितलंस का तू त्यांना?"

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. रात्रभरच्या जागरणानं बापाचे केस विस्कटले होते, चष्मा तिरका झाला होता, आणि उत्तराची वाट बघत ते पहिल्या बाकावरच्या पोरासारखे ताठ बसले होते. तिनं त्यांचा चष्मा सरळ केला.

"हो बाबा," ती म्हणाली. "पाणीच."